फायलींवर जमलेली मैफल एका खोलीत बसवायची तर कुणाच्या घरी? (ठाणे - नवी मुंबई)

घोडबंदरी | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, "दहा हजारांत माईक कोणता घेऊ" यापेक्षा जरा वेगळा प्रश्न आहे.

आम्ही चौघं. मी कासारवडवलीला राहते, गाते. डावखुरा_डग्गा कळव्याचे. पांढरी_पाच काका नेरुळचे, पेटी त्यांची. आणि ऐरोलीचा रात्रपाळी, जो गिटार वाजवतो आणि आमच्या सगळ्यांच्या फायली जोडून त्यातून गाणं काढतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ओळख झाली आणि तेव्हाच पद्धत पडली. काका पेटीवर चाल वाजवून पाठवणार, त्यावर मी कच्चं गाणार, त्यावर तबला चढणार, मग मी पुन्हा पक्कं गाणार आणि शेवटी सगळं ओझं रात्रपाळीच्या गळ्यात. दोघं-तिघं अधूनमधून भेटलोय, ठाण्यात गडकरी रंगायतनला पं. राम मराठे महोत्सवाच्या मध्यंतरात वडा खाताना वगैरे. पण वाद्यं घेऊन चौघं एका खोलीत बसलोय असं आजतागायत झालेलं नाही.

काकांनी एका नव्या भावगीताला चाल लावली आहे आणि ते म्हणतात, हे गाणं फायलींवर होणार नाही, समोरासमोर बसूनच होईल. मलाही पटतंय. स्टुडिओ नको, घरीच करायचंय. पण कुणाच्या?

माझ्याकडे बाराव्या मजल्यावरून घोडबंदर रोड दिसतो आणि ऐकूही येतो. रात्री अवजड वाहनं सुटली की खिडकीची काच थरथरते. डग्ग्यांच्या घरामागे रेल्वे. रात्रपाळीच्या खोलीत दोन माणसं बसली की तिसऱ्याने दारात उभं राहायचं. उरले काका. पण त्यांना त्रास द्यायचा का, यावर अडलंय. शिवाय एका खोलीत चार माईक लावले तर सगळ्यांचा आवाज सगळ्यांत शिरणार, त्याचं काय करतात? अनुभवी लोकांनी लिहा.

डावखुरा_डग्गा | शनिवार, रात्री ११:५२

रेल्वे "घरामागे" नाही हो ताई, घरातच आहे. पाहुणे आले की आम्ही फास्ट लोकल जाईपर्यंत वाक्य अर्धवट ठेवतो आणि मग पुढे बोलतो. सवयीने मलाच कळत नाही, पाहुणे बघत बसतात.

काकांकडेच करू. मी तबला घेऊन लोकलने येतो.

पांढरी_पाच | रविवार, सकाळी ६:०५

त्रास कसला? या. रो-हाऊस आहे, वर कुणी नाही, खाली कुणी नाही. हिने आत्ताच विचारलं की जेवायला किती माणसं.

आवाज एकमेकांत शिरण्याची भीती तुम्हा तरुण लोकांना फार. आकाशवाणीवर एका माईकभोवती सगळे बसायचे. कुणी पुढे, कुणी मागे, तेवढंच मिक्सिंग. गायकाने तान घ्यायची तर मान जरा वळवायची.

रात्रपाळी | रविवार, सकाळी ७:३०

(आत्ता शिफ्ट संपली. झोपायच्या आधी लिहितोय, चूकभूल देणेघेणे.)

काका, त्या एका माईकमागे आकाशवाणीचा स्टुडिओ होता. तुमच्या हॉलमध्ये मार्बल फरशी आणि काचेचं शोकेस आहे. मी तुमच्या घरी कधी आलो नाही, पण पेटीच्या फायलीत प्रत्येक सुराच्या शेपटाला ती काच वाजते, त्यावरून सांगतो.

एका खोलीत करायला माझी ना नाही. पण मग नंतर "माझी दुसऱ्या अंतऱ्यातली ओळ बदल ना" म्हणायचं नाही. गाण्याच्या माईकमध्ये तबला शिरला असेल तर ओळ बदलली की तबलाही बदलतो. आत्तापर्यंत ताईंच्या एकेका ओळीसाठी मी सात-आठ तुकड्यांतून चांगले शब्द वेचून जोडत आलोय. हे आता बंद होणार, तयारी आहे का?

घोडबंदरी | रविवार, सकाळी ९:१५

सात-आठ?? चार म्हण. लोक वाचतायत.

हम_पन्नास | रविवार, सकाळी १०:४०

रबाळे एमआयडीसीत इलेक्ट्रिकलचं काम करतो, गाण्यातलं कळत नाही, तरी इथे पडीक असतो कारण तुम्हा लोकांच्या वायरिंगची मला काळजी वाटते.

कुणाच्याही घरी करा, पण आधी त्या घरातलं अर्थिंग बघा. रेकॉर्डिंगमध्ये मागे जो घूं आवाज येतो तो आपल्या विजेचा ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले १००, १५०. सोपी परीक्षा: लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर दोष त्या वाटेने येतोय. शक्यतो सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या. एक पंख्याच्या बोर्डावर, दुसरं किचनमधून एक्स्टेंशन ओढून, असं केलंत की लूप होऊन घूं वाढतो.

आणि कृपा करून, घूं घालवायला प्लगची वरची जाडी पिन काढून टाकू नका. ती पिन माणूस जिवंत राहावा म्हणून असते. गाणारी बाई लोखंडी माईकला ओठ लावून उभी असते, एवढं लक्षात ठेवा.

सोसायटीचा_सेक्रेटरी | रविवार, दुपारी १२:२०

इथे फक्त वाचत असतो, पण आज लिहितो. आमच्या वरच्या मजल्यावर असाच एक होम स्टुडिओवाला आहे. गुणी मुलगा असेल. पण रात्री साडेअकराला तोच तो चार ओळींचा तुकडा चाळीस वेळा ऐकायला लागला की गुण दिसेनासे होतात. पूर्ण गाणं वाजवलं तर एक वेळ चालेल हो, माणूस सोबत गुणगुणेल तरी. तुम्ही लोक मुखड्याच्या पहिल्या ओळीपुढे जातच नाही.

माहितीसाठी: निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५. तक्रार आली की मलाच जिने चढावे लागतात.

डावखुरा_डग्गा | रविवार, दुपारी १२:४५

साहेब, तुमचं म्हणणं सोळा आणे. मी स्वतः रात्री नऊनंतर डग्ग्याला हात लावत नाही. चाट (तबल्याच्या काठावरचा बोल) वरच्या मजल्यावर जात नाही, पण डग्ग्याचा घुमारा भिंतीतून खाली-वर सगळीकडे पोचतो. खालच्या आजींनी एकदा सांगितलं, "तुझं लागतं तेव्हा माझ्या ताटातली वाटी वाजते." रागावून नाही, कौतुकाने. तेव्हापासून तबल्याखाली जाड गादी, तिच्यावर रिंग. आजींची वाटी शांत.

रात्रपाळी | रविवार, संध्याकाळी ५:१०

उठलो. गादी बरोबर, आणि त्याच अनुषंगाने एक गैरसमज खोडतो, कारण दर महिन्याला इथे कुणीतरी विचारतंच. भिंतीला गोधड्या, चादरी, अंड्यांचे ट्रे लावून आवाज शेजारी जायचा थांबत नाही. गोधडीने खोलीतला खणखणाट कमी होतो, कारण वरच्या पट्टीतला आवाज ती पिते. खालचा घुमारा तिच्यातून आरपार जातो. शेजाऱ्याकडे जाणारा आवाज अडवायला वजन लागतं: जाड भिंत, फट नसलेलं जड दार. भाड्याच्या घरात ते होत नाही, म्हणून वेळ सांभाळायची. अंड्यांचे ट्रे तर गोधडीचंही काम धड करत नाहीत, वर पेट घेतात.

काकांच्या हॉलसाठी: शोकेसवर जाड चादर, फरशीवर सतरंजी आणि तिच्यावर दुसरी सतरंजी. तबला कोपऱ्यात मांडायचा नाही, कोपऱ्यात डग्गा फुगतो. ताईंचा माईक पाठीमागून कमी ऐकतो, म्हणून माईकची पाठ तबल्याकडे. आणि एका माईकपासून त्याचं वाद्य जेवढं लांब, त्याच्या निदान तिप्पट लांब दुसरा माईक. पेटीला दीड फुटावर माईक असेल तर तबल्याचा माईक साडेचार फूट तरी हवा. काका, हॉल किती बाय किती?

पांढरी_पाच | रविवार, संध्याकाळी ६:३०

दहा बाय सोळा. सोफा उचलून अंगणात ठेवता येईल. हिचं मत विचारलं, तिने सोफ्याला नाही म्हटलं, टीपॉयला हो.

ठाकुर्ली_स्लो | सोमवार, सकाळी ८:५०

मी हद्दीबाहेरचा, पण एक मूलभूत शंका. एवढा खटाटोप कशाला? ऑनलाइन एकत्र का वाजवत नाही? चौघांकडे चांगलं नेट असेलच.

रात्रपाळी | सोमवार, संध्याकाळी ४:४५

लॉकडाऊनमध्ये करून बघितलंय. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे समोर तीन मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठेका नऊ मिलिसेकंदांनी कानावर येतो, आणि तेवढा उशीर कुणाला जाणवतही नाही. व्हिडिओ कॉलवर तोच उशीर कितीतरी पट. मग गाणारी तबल्यासाठी थांबते, तबलजी गाण्यासाठी थांबतो, आणि मध्यलय बघता बघता विलंबित होते. काकांनी पाचव्या मिनिटाला पेटी मिटून ठेवली होती.

डावखुरा_डग्गा | सोमवार, रात्री ८:२०

मिटून ठेवली आणि कॅमेरा चालू ठेवून चहा प्यायले. आम्ही दोघं आपले समेवर यायच्या प्रयत्नात.

पांढरी_पाच | मंगळवार, सकाळी ६:१०

चहा चांगला होता.

घोडबंदरी | मंगळवार, दुपारी २:३०

आता मूळ मुद्द्यापासून जरा अवांतर, पण लिहावंसं वाटतं.

मी काकांच्या घरी कधी गेले नाही, तरी ते घर मला कानाने पाठ आहे. सकाळी पावणेसातला पाववाल्याचा भोंपू. भिंतीवरचं ठोक्यांचं घड्याळ, जे काकांच्या सांगण्यानुसार बंद करता येत नाही आणि काकूंच्या सांगण्यानुसार काकांना बंद करायचंच नाही. फोडणीचा चर्र आवाज. काकूंच्या बांगड्या, त्याही नेमक्या दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी, कारण तेव्हा त्या चहा ठेवायला येतात. रात्रपाळी हे सगळं एकेक करून पुसतो, म्हणून त्याला माझ्याहून जास्त माहिती.

मागे एकदा काकांच्या ओळीने तीन फायली आल्या. पेटी नेहमीसारखी, पण मागे कुकर नाही, बांगड्या नाहीत. मला काहीच जाणवलं नाही. रात्रपाळीने मात्र रात्री दोन वाजता ग्रुपवर विचारलं, "काका, काकू कुठायत?" तेव्हा कळलं की काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि काका हॉस्पिटलमधून घरी येऊन, डबा भरून, मधल्या अर्ध्या तासात पेटी वाजवून आम्हाला पाठवतायत. "तुमचं काम अडायला नको" म्हणून. डग्गे दुसऱ्या दिवशी थेट हॉस्पिटलात पोचले, आणि तिथून पुढचे काही दिवस काकांचा डबा कळव्याहून गेला.

काका-काकू, राग मानू नका, लिहिलं.

पांढरी_पाच | मंगळवार, रात्री ९:००

राग कसला. ही म्हणते, कळव्याच्या डब्यातली वांग्याची भाजी अजून विचारून घ्यायची राहिली आहे.

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ७:४०

फार कौतुक नको. फायलीतला आवाज पुसायला आधी तो आवाज वेगळा निवडून सॉफ्टवेअरला दाखवावा लागतो. मी कुकर शोधत होतो, सापडला नाही, एवढंच.

आणि पुसण्यावरून आठवलं. कोकिळा कुणीही आणू नये. एप्रिल-मे मध्ये पहाटेपासून ती ओरडते, आणि नेमकी गाण्याच्याच पट्टीत. ट्रकचा घुमारा खालून कापता येतो, पंखा पुसता येतो. कोकिळा कापायला गेलं की ताईंचा आवाज सोबत जातो. काकांच्या अंगणात आंबा आहे असं ऐकलंय.

हम_पन्नास | बुधवार, सकाळी १०:०५

आंब्याला अर्थिंग नसतं. पुढचं बोला.

डावखुरा_डग्गा | बुधवार, रात्री १०:१५

पट्टीचं ठरवा म्हणजे मी आधीपासून तबला लावून ठेवतो. ताई काळी चार ना (पेटीची चौथी काळी पट्टी हा सा)? आणि पंखा-एसीचं काय? एसीत चामडं सुकून चढतं, बंद केला की घामाने आणि दमट हवेने उतरतं. अर्ध्या गाण्यात हातोडी घ्यावी लागली तर नंतर बोलायचं नाही.

नवख्यांसाठी सांगतो: पेटी असली की सगळ्यांनी पेटीशी जुळवायचं, तानपुऱ्याच्या ॲपनेसुद्धा. पेटीचे सूर बसल्या जागी हलवता येत नाहीत. काकांची पेटी जुनी आहे, किंचित उतरलेली. ॲप ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर ठेवून मी पहिल्यांदा तबला पाठवला तेव्हा दोन्ही सूर एकमेकांना ढुशा देत होते.

रात्रपाळी | गुरुवार, संध्याकाळी ५:००

ढुशांहून भारी किस्सा ४८ आणि ४४.१ चा (रेकॉर्ड करताना सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घ्यायचे तो आकडा), तोही नवख्यांच्या उपयोगाचा. इथल्याच एका सभासदाने ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलेली पेटी मला पाठवली. माझा प्रोजेक्ट ४४.१ चा, आणि त्या जुन्या सॉफ्टवेअरने फाईल न बदलता तशीच आत घेतली. काळी चारची पेटी पांढरी पाच आणि काळी तीनच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसली आणि चार मिनिटांचं गाणं एकवीस सेकंदांनी लांबलं. गायकाने त्यावर जसंच्या तसं गाऊन पाठवलं. "आज आवाज जड लागतोय" एवढीच त्याची तक्रार. तेव्हा फाईल पाठवताना आकडा नावातच लिहा.

क्लिकवर (हेडफोनमधल्या यंत्राच्या ठोक्यावर) वाजवायचं की नाही हेही ठरवा. माझं मत: क्लिक हवा.

डावखुरा_डग्गा | गुरुवार, रात्री ९:३०

माझं मत: समोर माणूस असताना कानात टकटक कशाला? इतकी वर्षं यंत्राच्या टकटकीवर वाजवलं कारण ताई समोर नव्हत्या. आता त्या श्वास कधी घेतात ते मला दिसणार आहे.

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ७:५५

मग जोडाजोडीची सोय नाही. पुन्हा सांगतोय.

सोसायटीचा_सेक्रेटरी | शुक्रवार, सकाळी ११:३०

क्लिक नको. (मत कुणी विचारलं नव्हतं.)

घोडबंदरी | शुक्रवार, दुपारी ३:२०

ठरलं. येत्या रविवारी सकाळी दहा, काकांकडे. क्लिक नाही. पंखा फक्त दोन टेकच्या मध्ये. फ्रिज रेकॉर्डिंगपुरता बंद, आणि तो परत चालू करायची जबाबदारी माझी, मी गाडीची किल्लीच फ्रिजवर ठेवणार आहे म्हणजे विसरून निघता येणार नाही. मोबाईल सगळ्यांचे विमान मोडवर, काकांचासुद्धा.

ठाकुर्ली_स्लो | शुक्रवार, दुपारी ३:४५

रविवारी ट्रान्सहार्बरवर (ठाण्याहून नेरुळला जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर) मेगाब्लॉक आहे का ते बघा आधी.

डावखुरा_डग्गा | शुक्रवार, दुपारी ३:५०

आहे.

घोडबंदरी | शुक्रवार, दुपारी ३:५२

मी कळव्यावरून गाडी घेते. ऐरोलीला रात्रपाळीला उचलू. डग्गे, तबला मागच्या सीटवर, तुम्ही त्याच्या शेजारी.

घोडबंदरी | सोमवार, रात्री १०:३०

ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी वृत्तांत.

पोचलो अकराला, माईक लागेपर्यंत साडेबारा. घूं आवाज होताच. हम_पन्नास यांना फोन लावला, त्यांनी व्हिडिओ कॉलवर काकांच्या घरातले सगळे बोर्ड दाखवायला लावले आणि टीव्हीमागच्या केबलची पिन काढायला सांगितली. घूं गेला. टीव्हीवाल्याचा आणि आमचा काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही.

पहिले टेक वाईट. सगळे एकमेकांना फार जपत होते. मी हळू गातेय कारण तबल्याच्या माईकमध्ये शिरायचं नाही, डग्गे हळू वाजवतायत कारण माझ्या माईकमध्ये शिरायचं नाही, आणि काका मधेच थांबून विचारतायत, "ऐकू येतंय ना?" शेवटी काकूंनी स्वयंपाकघरातून सांगितलं, "अहो, नेहमी वाजवता तसं वाजवा, इथपर्यंत काही पोचतच नाहीये." मग जेवलो. जेवणानंतरचा टेक ठेवलाय.

त्यात एक जागा आहे. दुसऱ्या अंतऱ्यात मी एका शब्दावर ठरल्यापेक्षा जास्त थांबले. मुद्दाम नाही, सूर चांगला लागला म्हणून सोडवेना. फायलीवर असतं तर ठेका पुढे निघून गेला असता आणि मला धावत त्याला गाठावं लागलं असतं. इथे डग्ग्यांनी हात वर उचलून धरला, माझ्याकडे बघितलं, काकांनी भाता दाबून तोच सूर धरून ठेवला, आणि मी खाली आले तेव्हा दोघं समेवर हजर. रात्रपाळीने हेडफोन काढून ठेवला आणि नुसतं ऐकत बसला.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ७:४५

हेडफोन कान दुखत होते म्हणून काढला.

डग्गा गाण्याच्या माईकमध्ये भरपूर आलाय, खालून थोडा कापलाय. बाकी हात लावलेला नाही. वाद एकच उरलाय: शेवटच्या ओळीनंतर पेटीचा सूर विरत असताना घड्याळाने तीनचे ठोके दिलेत. मी म्हणतो कापू, पेटी आधी विरवून टाकता येईल. डग्गे म्हणतात ठेवा, सुरात आहेत.

पांढरी_पाच | मंगळवार, सकाळी ८:००

सुरात नाहीत. पण ठेवा.

डावखुरा_डग्गा | मंगळवार, सकाळी ८:०४

दोन विरुद्ध एक. ताई?

घोडबंदरी | मंगळवार, सकाळी ९:३०

पहिले दोन ठोके ठेवू, तिसरा काप. आणि रात्रपाळी, तुकड्यांतून ओळ वेचायची सोय नव्हती तरी एका टेकमध्ये झालं हे इथे सगळ्यांसमोर कबूल कर.

रात्रपाळी | मंगळवार, संध्याकाळी ५:२०

कबूल. आता दोनच ठोके ठेवले की लोक म्हणणार दुपारी दोनला रेकॉर्ड केलं.

दिघ्याचा_नवखा | मंगळवार, रात्री १०:५०

नमस्कार, इथे नवीन आहे. पखवाज वाजवतो, दिघ्याला राहतो. सगळा धागा वाचला. मला इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायचा डबा) लावला की मागे घूं असा आवाज येतो, विशेषतः हात माईकच्या स्टँडला लागला की थांबतो आणि सोडला की परत सुरू. काय असेल?

हम_पन्नास | मंगळवार, रात्री १०:५३

हात लावू नका. प्लगचा आणि बोर्डाचा फोटो टाका. तिसरी पिन आहे ना जागेवर?